चौथी पायली

हरिश्चंद्र अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्याचं तुळसाला मालवणच्या मासळीबाजारात कळलं, तेही दोन महिन्यांनी. हरिश्चंद्र तिचा थोरला भाऊ. भोगव्याला त्याच्या घरी तिने अकरा वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं. वडिलांच्या मागे तिच्या नवऱ्याने माडांच्या वाटणीसाठी त्याच्यावर दावा लावला, तो दावा नवरा हरला आणि येणंजाणं तुटलं. आता नवरा राहिला नव्हता. भावाची वाचा गेली होती. तुळसाला घरात घ्यायचं की दारातून परतवायचं, ते आनंदीवहिनीच्या हाती होतं.

तिने जाण्याची चौकशी केली. एसटीने कुडाळ, तिथून परुळे आणि पुढे पायी, म्हणजे दीड रुपया आणि अख्खा दिवस. बंदरातून निवतीला मचवा जाई, माणशी बारा आणे, पण तो भरेल तेव्हा सुटणार. सगळ्यांत स्वस्त म्हणजे किनाऱ्याने देवबागपर्यंत चालत जायचं आणि कर्लीच्या मुखावर तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, धरायची. परक्याला दोन आणे. भोगवेकरांना पैसे पडत नसत; ते तरवाल्याला वर्षाला माणशी पायलीभर भात घालत. लग्न होऊन गेलेल्या मुलीची पायली बंद होई. तेव्हा तुळसाही परकीच.

पदर पुढे ओढून ती होडीत बसली. वल्ह्यावर बाबली होता. तिने शेवटचा पाहिला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. तिने मुकाट दोन आण्यांची चवली पुढे केली.

"खंयसून इलात, बाये?"

"मालवणातसून."

होडी निघाली. खाडी समुद्राला मिळते तिथे लाटा आडव्या येतात. नवखी माणसं घाबरून मागे रेलतात आणि बाबलीच्या शिव्या खातात. तुळसा मात्र त्याने तोंड उघडण्याआधीच लाटेच्या अंगाला कलली, लहानपणापासून कलत आली तशी.

बाबलीचं वल्हं थबकलं. "अशी भोगव्याचीच माणसा बसतत. कोणाची गो तू? हरिश्चंद्राची भैण काय?"

"होय रे, बाबल्या. मेल्या, मिशी काय वाढवलंस!"

त्याने चवली तिच्या ओटीत टाकली. "माका पैसे देतंस? तुजी पायली येता माज्याकडे, दर शिमग्याक."

"माजी?"

"तेच्या घरात माणसा तीन, नि भात चार पायली. मी इचारलंय, तर म्हणालो, 'भैण येतली, तेव्हा तिका पैसे मागू नको.' अकरा वर्सा तुजो भात फुकट खातंय मी! येवक काय झाला होता तुका?"

तुळसाने पदर तोंडाला लावला. मग तिने विचारलं, "ह्या शिमग्याक तो बिछान्यार होतो मा? भात कोणी घातल्यान?"

"आनंदीवहिनीन. डोक्यार टोपली घेवन इली."

"किती?"

"चार. मीच म्हटलंय, वहिनी, घरात आजारपण, आता एक पायली कमी घाला. तर माज्यार डोळे वटारल्यान! 'माप कमी करूचा झाला तर ते उठान करतीत,' म्हणाली."

होडी वाळूला लागायला अजून चार हात होते.

"अगो थांब, भिजतलंस!" बाबली ओरडला.

तुळसा लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात उतरलीही होती.