काट्याने परत घेतलेला प्रश्न

"तुम्ही जिच्यावर कविता करता, तिला ती कधी ऐकवता का?"

दोनशे बारा माणसांसमोर हा प्रश्न मी टाकला, आणि तो टाकायची पैज लावली माझ्या वर्गातल्या नासरा आणि रेहेमाने, मधल्या सुट्टीत, शाळेच्या फाटकाशी, मीठ-मिरची लावलेला तळलेला कसाव्याचा कंद खाता खाता. मी त्यांना 'ओट्या'वरच्या कविता वाचून दाखवत होते. 'ओटा' हा आमच्या किनाऱ्यावरच्या कवींचा फोनवरचा गट. रेडिओवर शुक्रवारी कविता वाचतात ना, त्यांनीच एकदा त्याचा दुवा सांगितला होता. आमचं तांगा, शेजारचं पांगानी, पेम्बा बेट, कुठकुठचे लोक त्यात आहेत. बहुतेक आजोबा.

"चंद्र, मोती, पुन्हा चंद्र," नासरा बोटं चाटत म्हणाली. "घरात बायको मासे साफ करतेय आणि हे बाहेर बसून तिला मोती म्हणतायत. तिला तरी माहीत आहे का, की ती मोती आहे?"

"विचार की त्यांना," मी म्हटलं.

"मला आठ अक्षरं मोजता येत नाहीत. तुला येतात. का, घाबरलीस?"

"घाबरतंय कोण."

"ही घाबरली," रेहेमाने निकाल देऊन टाकला. "हिला वाटतं, म्हातारे हिचे कान ओढतील."

बस, मला एवढं पुरतं. मला कोणी घाबरट म्हटलं की माझ्या पायांत मुंग्या येतात आणि मी काहीतरी करून बसते. भूगोलाच्या तासाला नकाशाच्या वहीत मागच्या पानावर मी ओळी जुळवल्या. आमच्याकडे कवितेची ओळ आठ आणि आठ अक्षरांची, मध्ये एक श्वास. पहिल्या आठांचं यमक वेगळं, दुसऱ्या आठांचं वेगळं. शाळा सुटल्यावर घरी धावत गेले, आईचा फोन घेऊन मोरीत शिरले आणि टाकलं:

चंद्र तिला हो म्हणता, म्हणता पोवळे मोती,
तिच्यासाठी हो जागता, वातीही विझून जाती,
ओळी मोजून रचता, वाहवा मित्रांची होती,
तिला कधी ऐकवता, की ओळी आमच्या हाती?

खाली माझं ओट्यावरचं नाव: समुद्रकाटा. गटात कोणीच स्वतःचं नाव लावत नाही. मी हे नाव घेतलं, कारण ज्या दिवशी गटात शिरले त्याच दिवशी खडकावर त्या काटेरी प्राण्याचा, समुद्रकाट्याचा, काटा माझ्या टाचेत मोडला होता. गंमत अशी झाली की सगळ्यांनी मला कोळी समजून टाकलं. कोणी मला काटेभाऊ म्हणायचं. एकाने तर विचारलं होतं, "यंदा सुरमई कशी आहे तुमच्याकडे?" मी लिहिलं, "बरी आहे." मी शाळेच्या गणवेशात बसून लिहिलं ते.

ओट्याचा कायदा असा, की कवितेत प्रश्न आला तर उत्तर त्याच यमकात द्यायचं. सात दिवस उत्तरं येतात. मग विचारणारा शेवटचं कडवं टाकतो, सगळ्यांचे आभार मानतो, आणि प्रश्न मिटतो.

पहिलं उत्तर 'उंटगल्लीचा पोपट' याचं. तो तरुण मास्तर आहे, स्वतःवर फार खूश. त्याच्या कडव्याचा अर्थ असा, की बायकोला ऐकवली तर ती विचारेल, हा चंद्र कुठल्या गल्लीत राहतो. दुसऱ्याने लिहिलं, ऐकवली होती, तिने मीठ संपल्याचं सांगितलं. पेम्बाच्या 'लवंगेचा वारा'ने लिहिलं, काटेभाऊंच्या घरात अजून चूल पेटलेली दिसत नाही, म्हणून असले प्रश्न पडतात. मी मोरीत बसून एवढी हसले की आईने दार वाजवलं.

"पोटात दुखतंय का?"

"नाही, बरं वाटतंय."

दोन दिवस मी जमिनीवर नव्हतेच. आई शिवणकाम करते, फोन तिच्या यंत्राच्या खणात असतो. मी दर थोड्या वेळाने दोरा शोधायला जायचे. एकाच दुपारी पाच वेळा दोरा शोधला. आई म्हणाली, "एवढा दोरा घेऊन तू करतेस काय, पतंग?" जेवताना माझा पाय हलायचा, गणित सोडवताना पेन हलायचं. सत्तावीस उत्तरं आली होती. माझ्या प्रश्नाला, सत्तावीस.

मग 'जुना सुकाणू' बोलला.

हे पांगानीचे आजोबा. चाळीस वर्षं त्यांनी शिडाची नाव चालवली. त्यांना फोनवर लिहिता येत नाही, ते गाऊन पाठवतात. रोज पहाटेच्या नमाजानंतर एक कडवं, आणि मागे कोंबडा आरवत असतो. त्या दिवशी मात्र त्यांचं गाणं दुपारी आलं, कोंबड्याशिवाय.

नौका हाकता हाकता, कवने जोडली किती,
तिला न वाचता येता, ऐकवण्या लाज होती,
कबरीपाशी बसता, वाचतो, ऐकते माती,
असे तुम्ही विचारता, उत्तर हे माझ्या हाती.

मी ते तीन वेळा ऐकलं. तिसऱ्या वेळी, 'माती' म्हणताना त्यांचा आवाज कुठे अडकतो ते मला कळलं, आणि माझे कान गरम झाले. मी तर कसावा खाता खाता पैज मारली होती. आणि हे आजोबा कबरीपासून उठून उत्तर द्यायला आले होते. आता मला शेवटचं कडवं लिहावं लागणार, त्यांना काहीतरी म्हणावं लागणार. काय म्हणू? की आमची मधली सुट्टी होती?

मी प्रश्नावर बोट दाबून धरलं आणि सर्वांसाठी हटवून टाकला. फोन खणात ठेवला, दोरा घेतला, बाहेर आले.

मला वाटलं होतं, प्रश्न गेला की सगळंच जाईल. नवशिक्याला असंच वाटतं. प्रश्न गेला आणि उत्तरं तिथेच राहिली. पोपटाचं आणि मिठाचं काही बिघडलं नाही, ते नुसते विनोद वाटत होते. पण संध्याकाळी कामावरून सुटून जे लोक गटात आले, त्यांना काय दिसलं? एक म्हातारा कोणी न विचारता आपल्या मेलेल्या बायकोबद्दल गातोय, आणि कबूल करतोय की मला तिची लाज वाटायची.

"आजोबा, ऊन लागलं का?" एकाने लिहिलं.

"घरातलं घरात ठेवावं. ओटा हा रडायचा कोपरा नव्हे," दुसऱ्याने. खाली हसणारे चेहरे, सात.

ज्यांनी माझा प्रश्न वाचला होता ते गप्प राहिले. ओट्यावर मागे घेतलेला प्रश्न दुसऱ्या कोणी उच्चारायचा नसतो. तो फक्त त्याच्या मालकाचा. मला हे माहीत नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं, आणि म्हणून आजोबांच्या बाजूने कोणीच बोललं नाही. त्यांनी स्वतःही एक शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेचं कडवं आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी आईच्या आधी उठून खण उघडत होते.

बुधवारी मला एकटीला एक निरोप आला, गट चालवणाऱ्या शेबेगुरुजींचा. गुरुजी निवृत्त शिक्षक आहेत, आणि त्यांचा निरोपही वहीत लाल शाईने शेरा मारल्यासारखा होता.

"काटेभाऊ, सलाम. तुम्ही पाहुण्यांना चटईवर बसवलंत आणि चटई ओढून घेतलीत. नवीन आहात म्हणून सांगतो. मागे घेतलेला प्रश्न लिहून परत आणता येत नाही. विचारणाऱ्याने तो स्वतःच्या गळ्याने गायचा, शेवटी स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि गाव सांगायचं. म्हणजे तो पुन्हा पळून जात नाही. शुक्रवारच्या असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या अजानपर्यंत वाट बघेन. नाही आला तर सगळी उत्तरं पुसेन आणि तुमचं नाव काढेन. हमादी नाखवांना, म्हणजे आपल्या जुन्या सुकाणूंना, मी ओळखतो. ते ओट्यावर पुन्हा येतील असं मला वाटत नाही."

स्वतःच्या गळ्याने. माझ्या गळ्याने एक शब्द निघाला तरी काटेभाऊची दाढी गळून पडणार होती.

"आवाज घोगरा कर," रेहेमाने सुचवलं. आम्ही शाळेच्या मागे पाण्याच्या रिकाम्या पिंपात तोंड घालून प्रयत्न केला. रेकॉर्ड करायला फोन नव्हता, नासराने पिंपाबाहेरून ऐकलं आणि म्हणाली, "बोकड. आजारी बोकड."

"मग काय करू?"

"काही करू नकोस. नाव काढतील तर काढू देत. दुसरं नाव घे, परत शीर. काट्याचं नाव गेलं म्हणून रडतेस काय?"

"आणि सुकाणूआजोबा?"

"तुझे कोण लागतात ते?"

मी म्हटलं, "त्यांनी मला उत्तर दिलंय."

"आणखी सत्तावीस जणांनी दिलंय."

"बाकीच्यांनी मजा केली. त्यांनी उत्तर दिलं."

नासरा माझ्याकडे बघत राहिली. "तू ना, सौमू, पैजसुद्धा धड हरत नाहीस," एवढंच म्हणाली. पण ती पायाने माती उकरत होती, आणि ती तसं करते तेव्हा तिला माझं पटलेलं असतं.

गुरुवारी मी चार वेळा ठरवलं आणि पाच वेळा बदललं. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाहून बाबा घरी आले. नारळातला भात आणि मासा होता. बाबा बंदरावर क्रेन चालवतात, शुक्रवारी दुपारी घरी असतात आणि मग त्यांना शांतता लागते. आई यंत्रावर बसली होती. मी बाबांना पाणी दिलं, मग चिंचेचं सरबत दिलं, मग पुन्हा पाणी दिलं.

"बोल," बाबा म्हणाले. "एवढं पाणी जहाजालाही लागत नाही."

मी सगळं सांगितलं. मोरी, दोरा, काटेभाऊ, सुरमई, सगळं.

"माझ्या फोनवरून?" आईने यंत्र थांबवलं.

"तुझ्या दुसऱ्या सिमवरून."

"आणि मी समजत होते माझा डेटा उंदीर खातात."

बाबांनी घास बाजूला ठेवला. "किती माणसं आहेत तिथे?"

"दोनशे बारा."

"बायका?"

"नावांवरून तीन. बोलत नाहीत."

"म्हणजे कळतंय ना, का बोलत नाहीत ते? लिहिलेलं पुसता येतं, सौमू. आवाज सुटला की सुटला. आज ओट्यावर, उद्या बंदरावर, परवा माझ्याच क्रेनखाली कोणीतरी लावून ऐकेल. माकामेची पोरगी म्हाताऱ्यांना त्यांच्या बायकांबद्दल विचारते, म्हणतील."

"विचारलंच आहे मी, बाबा. आणि मग पळाले. तेही म्हणतील की."

"कोण म्हणेल? तू कोण ते कोणालाच माहीत नाही."

"मला माहीत आहे."

बाबांनी माशाचा काटा काढला आणि ताटाच्या कडेला नीट ठेवला. "पुढच्या वर्षी परीक्षा आहे. ती होऊ दे. मग गा, तुला हवं तेवढं गा. मी स्वतः गुरुजींना फोन करून सांगतो की पोर चुकली."

हे ऐकून मला एकदम हलकं वाटलं. बाबांनी फोन केला की संपलं. गुरुजी सगळं पुसतील, मला कोणी ओळखणार नाही, सोमवारी मी पुन्हा कसावा खाईन. मी 'बरं' म्हणणारच होते. पण मग हमादी आजोबांचं कडवंही पुसलं जाणार होतं, आणि त्यांच्याकडे उरणार होते ते सात हसणारे चेहरे.

"प्रश्न काय होता?" आईने विचारलं.

मी म्हणून दाखवला. गायला नाही, नुसता म्हटला. आई सुईत दोरा ओवत होती, तो ओवला गेला नाही.

"सौमूचे बाबा," ती म्हणाली, "लग्नाआधी तुम्ही माझ्यावर एक कविता केली होती म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"तुमची बहीण. तिला ऐकवली होतीत."

बाबांना ठसका लागला. आई पुन्हा यंत्र चालवू लागली, जरा जास्तच जोरात. बाबा माझ्याकडे बघेनात, तिच्याकडेही बघेनात, भाताकडे बघत बसले. भिंतीवरच्या घड्याळात अजानला पंचवीस मिनिटं होती. माझे पाय थांबत नव्हते, म्हणून मी उभीच राहिले आणि यंत्राच्या खणातून फोन काढला.

"बाबा, तुम्ही गुरुजींना फोन करू नका. आई, तूही ऐक. मी ठरवलंय. अजानच्या आधी मी तो प्रश्न गाणार आहे, माझ्या आवाजात, आणि शेवटी नाव सांगणार आहे, सौमू बिंती माकामे, तांगा. त्यात बाबांचं नाव येतं, म्हणून आधी सांगतेय. हमादी आजोबांना कोणीतरी विचारलं होतं, हे सगळ्यांना कळलं पाहिजे. तुम्हाला रागवायचं असेल तर नंतर दोघांनी मिळून रागवा, मी इथेच आहे. आत्ता फक्त यंत्र थोडा वेळ बंद ठेव, आई, मागे खडखड येते."