सुकटीत बांधलेली बातमी

चामोर्शीच्या आठवडी बाजारात दसरूनं चारचौघांत म्हटलं होतं, की नथ्थूच्या पेपरात सुकट बांधली तर सुकटही खोटं बोलेल. लोक पोट धरून हसले. चार पानांचं साप्ताहिक एकहाती काढणाऱ्या नथ्थूच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याआधीही दसरूनं त्याला दोनदा बिकाऊ म्हटलं होतं, एकदा तर भर ग्रामसभेत. दसरू जंगलातल्या गावच्या ग्रामसभेचा अध्यक्ष, पण तोंडाचा फाटका.

मग शुक्रवारी नथ्थूनं नावागावासकट छापलं, की दसरू पोलिसांचा खबऱ्या आहे. पुरावा काडीचा नव्हता. सुरुवात त्यानं केली, मग मी काय बांगड्या भरल्यात, असा त्याचा हिशेब. राग माणसाची अक्कल चरायला पाठवतो, आणि संपादकाची जरा जास्तच लांब.

सोमवारी सकाळी त्याच्या बायकोनं, रुखमानं अंक वाचला आणि हातातला चहा तसाच खाली ठेवला.

"त्या गावात खबऱ्या म्हटलेल्या माणसाचं काय होते, तुमाले मालूम नाई का?"

मालूम होतं. मागं असाच एकजण रस्त्यावर पडलेला सापडला होता, छातीवर नक्षल्यांची चिठ्ठी. ती बातमीही नथ्थूनंच छापली होती.

त्याची पाचावर धारण बसली. मोटरसायकल काढून तो वर्गणीदारांच्या घरोघर फिरला, अंक परत मागितले. दसरूच्या गावात एकही वर्गणीदार नव्हता, तेवढाच जीवाला आधार. मग एकदम आठवलं. उरलेले अंक त्यानं दर वेळेसारखे लच्छू सुकटवाल्याला देऊन टाकले होते, आणि लच्छू रविवारी त्याच गावच्या बाजारात बसतो. लच्छूनं थंडपणे सांगितलं, की सगळे कागद कालच संपले.

नथ्थू तसाच जंगलात निघाला. वाटेत कोणी हात केला तरी त्यानं गाडी थांबवली नाही.

दसरूच्या घरात त्याची बायको बुधरी भुईवर बसली होती. समोर तेलकट, वास मारणारा कागद. शाळेतल्या पोरीनं वाचून दाखवला होता. दसरू भिंतीला टेकून होता. कालपासून कोणी त्याच्याशी बोललं नव्हतं. पळालो तर लोकांना खरंच वाटेल, म्हणून तो घरातच थांबला होता.

नथ्थूला माफी मागायची होती, तोंडातून निघालं भलतंच. "आधी तूच मले बिकाऊ म्हटलं, दसरूभाऊ."

"म्हटलं. त्या रात्री तू झोपला का नाई?"

नथ्थूनं मान खाली घातली. "झोपलो."

"मी कालपासून झोपलो नाई."

नथ्थूला स्वतःची शरम वाटली. पुढच्या अंकात खुलासा छापतो, असं तो पुटपुटला.

"कवा निघते अंक?" बुधरीनं विचारलं.

"शुक्रवारी."

ती उठली. त्याच्या हातातली गाडीची किल्ली काढून घेतली आणि पदराला बांधली. "तवापर्यंत इथीच रा. कोणी आलं तं दरवाजा तू उघडजो. तूच सांगजो, का मी खोटं लिवलं."

दिवस कलला. नथ्थूला दाराजवळ बसवलं होतं. जेवण समोर आलं, त्यानं ताट बाजूला सारलं. मरणाची इतकी भीती त्याला जन्मात वाटली नव्हती, आणि ही भीती त्यानंच छापून वाटली होती.

बाहेर कुत्रं भुंकलं. पावलं अंगणात येऊन थांबली. कोणी हाक मारली नाही.

बुधरी त्याच्याकडे पाहत राहिली. भिंतीला धरून नथ्थू उठला आणि त्यानं कडी काढली.