वाहक

कापसाच्या बोळ्यावरचा लाल ठिपका पसरत पसरत थांबला, तरी विनिता तो चिमटीत धरून बसलीच होती. रक्त देऊन गेलेली मुलगी केव्हाच दिसेनाशी झाली होती. तालुक्याच्या या रुग्णालयात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची समुपदेशक म्हणून तिने इतक्या बोटांना सुई टोचली होती, की टोचताना आता काही वाटत नसे. वाटायचं ते नंतर, निकाल सांगताना. आज मात्र जे सांगायचं नाही, तेच सारखं ओठांवर येत होतं.

दुपारी विनोदचा साखरपुडा होता – तिच्या थोरल्या बहिणीच्या, तुळशीताईच्या मुलाचा. मुलगी वेवजी गावची, हर्षदा. परवा ताईने मोबाइलवर फोटो पाठवला आणि विनिता ओट्याशी तशीच उभी राहिली. हा चेहरा तिच्यासमोर बसून गेला होता, गेल्या वर्षी, कॉलेजातल्या तपासणीत. तू वाहक आहेस, तिने समजावलं होतं, म्हणजे तू आजारी नाहीस, होणारही नाहीस. पण नवराही वाहक असेल, तर प्रत्येक बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. म्हणून लग्नाआधी त्यालाही तपासायला सांग. मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही कुणाला सांगणार नाही ना? माझ्या बहिणीचं लग्न ह्याच्यावरूनच मोडलं." नाही सांगणार. आणि विनोदचं रक्तही विनितानेच तपासलेलं... तोही वाहक. "आईला सांगू नकोस हं मावशी, रडत बसेल." नाही सांगणार.

दोन माणसांना दोन वेगळ्या दिवशी दिलेले दोन शब्द. एकेकटे पाहिले तर किती सरळ, किती निर्दोष. मी काय चूक केली? – काहीच नाही. मग हे दोन्ही एकत्र येऊन असे माझ्याच छातीवर का बसलेत?

निघण्याआधी ती वॉर्डात डोकावली. खिडकीपाशी नऊ वर्षांची वर्षा डोळे मिटून पडली होती. सिकलसेलने हाडं ठणकायला लागली की तिला इथेच आणतात. तिची आई, रखमी, तिच्या पोटऱ्या दाबत होती – सकाळपासून दाबत होती. आणि विचारायचं नव्हतं ते विनिता विचारून बसली. "रखमी, लग्नाआधी तुम्हा दोघांना कळलं असतं तर?"

रखमीने आधी पोरीच्या पापण्यांकडे पाहिलं. झोपलीय अशी खात्री झाल्यावर म्हणाली, "नसतं केलं, बाय." आणि लगेच, जवळजवळ रागाने, "असं का विचारता तुम्ही? आता ही आहे ना माझी." तिचे हात थांबले नव्हते. विनिताला वाटलं, मी हिच्याकडून उत्तर चोरून नेतेय, माझ्या कामासाठी... आणि पोर झोपली नसली तर?

रिक्षात वारा तोंडावर येत होता. भाताची कापलेली शेतं मागे पळत होती. लग्न मोडायलाच हवं असं थोडंच आहे? पोटात असतानाही तपासता येतं बाळाला. पण त्या तपासणीनंतर काय करायचं, ते कोण ठरवणार? तेच दोघं. आणि दोघांनी ठरवायचं, तर दोघांना ठाऊक तर हवं. ठाऊक आहे ते फक्त मला.

वेवजीला मांडवात पोचते न पोचते, तोच ताईने तिला मुलीच्या खोलीत ढकललं. "जा, सून बघ माझी." हर्षदा हिरव्या साडीत, गजरा माळत होती. आरशात विनिता दिसली आणि तिचा हात केसांतच राहिला.

"मॅडम... तुम्ही त्यांच्या मावशी?"

"हो."

"सांगितलंत?"

"नाही. मी सांगणार नाही. पण तू सांग, हर्षदा."

"मोडेल."

"नाहीही मोडणार."

"तुम्हाला काय माहीत?" ती म्हणाली. आणि विनिताला नजर वळवावी लागली, कारण तिला माहीत होतं, विनोदचंही.

विनोदला तिने मांडवाच्या कडेला गाठलं. "तिला सांग. अंगठी घालायच्या आधी."

"आत्ता? लग्न झाल्यावर सांगतो ना. मला कुठे काय होतंय, मावशी?"

"तसं नाही. तिलाही..."

ती थांबली. एवढंच झालं. पण ते थांबणं जरा लांबलं, आणि विनोदच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"तिला काय?"

"लग्न ठरलेल्या सगळ्यांनाच मी हे सांगते." शब्द न् शब्द खरा होता, आणि आपण खोटं बोलतोय हे तिला कळत होतं. विनोद घरात गेला.

थोड्या वेळाने ती दोघं मागल्या दारी, आंब्याखाली उभी असलेली दिसली. "आत्ताच एवढं काय बोलायचंय यांना!" ताई हसत म्हणाली, तशा बायकाही हसल्या. विनिताला ऐकू काहीच येत नव्हतं. फक्त विनोदची पाठ, आणि हर्षदाचा पदराशी चाळा करणारा हात. मी अडखळले, की मुद्दाम थांबले? त्यांच्यासाठी? की उद्या त्या खिडकीपाशी यांचं लेकरू आणलं, तर मला त्याच्याकडे पाहता यावं म्हणून... शोधू गेली तर हाती काही लागेना. कोणता शब्द पाळणं बरोबर, हा दिवसभराचा प्रश्नच कुठेतरी विरून गेला होता. जे काही झालं होतं ते तिच्या हातून झालं होतं, आणि ते आता कुठल्याही नियमाच्या नावावर घालता येणार नव्हतं.

दोघं परत आली. चेहऱ्यांवरून काही कळत नव्हतं. हर्षदा पाटावर बसली, कुणीतरी अंगठीची डबी उघडली. तिने मान वर केली आणि गर्दीतून नेमकं विनिताकडे पाहिलं – त्या नजरेत आभार की दोष, की अजून काहीच न कळलेल्या माणसाची नुसती भीती.

विनिताने या वेळी नजर वळवली नाही.