उपग्रहाला न दिसणारी बाई

शिक्षिका दीक्षा रोज वेळेवर शाळेत येते, हे पूर्णगडच्या पोरांना ठाऊक होतं, त्यांच्या आयांना ठाऊक होतं, शाळेच्या पायरीवर झोपणाऱ्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या उपग्रहाला. आणि शिक्षण खात्याने यंदापासून साक्ष फक्त त्याचीच धरायची ठरवली होती.

साडेदहाच्या आत उपग्रहाने जागा ओळखून टॅबवर ‘शाळेत आहे’ अशी हिरवी खूण उमटली पाहिजे. नाहीतर लाल शेरा. दीक्षाला दोन पडले होते. तिसरा पडला की नोकरीत कायम होणं लटकलं.

टॅब मात्र आपण नक्की कुठे आहोत या विचारात चक्र फिरवत बसे.

“फणसाखाली न्या त्याला,” अहमदचाचा म्हणाले. कुवेतला आयुष्यभर बस चालवून आल्यामुळे गावात यंत्रांचा शेवटचा शब्द त्यांचा. “रेंज मिळते ती तिथंच. हात वर धरा नि फिरत राहा.”

फोनच्या बाबतीत ते खरंच होतं. मुंबईला बोलायचं तर अख्खं गाव त्या फणसाभोवती प्रदक्षिणा घाली. दीक्षाही दोन दिवस टॅब घेऊन फिरली. वर डेरेदार फणस, त्याच्या वर उपग्रह. टॅबची नि उपग्रहाची दृष्टिभेट काही होईना.

तिसऱ्या दिवशी तपासणीला साहेब आले.

“मॅडम, तुम्ही गैरहजर दिसता.”

“साहेब, मी समोर उभी आहे.”

“मला दिसताय हो. माझ्या दिसण्याला काय किंमत आहे?”

साहेब एवढं खरं प्रथमच बोलले असावेत.

सव्वादहा झाले, दीक्षा पुन्हा फणसाखाली. “हात आणखी वर, मॅडम!” चाचा ओरडले. वर्गात पोरांनी बाकं पाडायला सुरुवात केली होती. दीक्षा वैतागली. मोकळ्या अंगणाच्या दगडी गडग्यावर तिने टॅब ठेवला. “बस इथं. सापडलास तर सापड,” म्हणाली आणि पाढे घ्यायला आत गेली.

सातचा पाढा संपवून ती बाहेर डोकावली, तर हिरवी खूण. उघडं आभाळ आणि थोडी स्वस्थता, एवढंच त्याला हवं होतं.

“हे कसं केलंत?” साहेब.

“काहीच केलं नाही, साहेब. त्याला एकटं सोडलं.”

“काही न करता काम झालं, असं अहवालात लिहिता येत नाही.”

मग त्यांना आठवलं, आपलीही हजेरी साडेदहाच्या आत इथूनच लागायची आहे. त्यांनी गाडीतून स्वतःचा टॅब काढला. चक्र फिरू लागलं.

“साहेब, गडग्यावर ठेवा नि जरा—”

“मॅडम, मी या विषयाचं प्रशिक्षण देतो.”

“चला साहेब, फणसाखाली,” चाचा म्हणाले.

साहेब गेले. हात वर. एक प्रदक्षिणा, दुसरी, तिसरी. मागून चाचा दिशा सांगत होते. खिडकीशी पोरांची झुंबड उडाली.

साडेदहा वाजले. साहेबांच्या टॅबवर चक्र फिरतच होतं.

“बाई, साहेब काय करतायत?”

दीक्षाने खिडकीतून पाहिलं. “कुठले साहेब?” ती म्हणाली. “आज कोणी आलेलं नाही. हं, आठचा पाढा.”