गाणारा बास ड्रम

माझे बाबा ड्रम बनवतात आणि मी त्यांच्या चुका काढते. त्यांनी चाळीस वर्षं कानाने काम केलं, मी मोजपट्टीने करते. ऑर्केस्ट्राचा बास ड्रम पहिल्यांदा संपूर्ण माझ्या हाती आला, तेव्हा त्यांनी अट घातली, "वादक न्यायला येईल त्याच दिवशी त्याने पसंत केला, तर कारखाना तुझा. नाहीतर अजून वर्षभर माझ्या हाताखाली."

"चालेल. पण तुम्ही मध्ये बोलायचं नाही!"

लाकडाचे सहा पातळ थर वाफेवर वाकवले, वाळवले, सरस लावून एकावर एक चिकटवले. गोल असा जमला की कुठूनही मोजा, केसाचा फरक नाही. दोन्ही तोंडांवर ओलं कातडं कड्यांनी बसवलं. ते वाळल्यावर पाना घेऊन एकेक बोल्ट आवळला आणि मोबाइलवर तपासून दोन्ही कातडी अगदी एका सुरात आणली. बाबा स्टुलावर बसून मिशीतल्या मिशीत हसत होते.

सकाळी वादककाका आले. त्यांनी मऊ गोळ्याची काठी अलगद मारली आणि ड्रम गोड गायला. माझी कॉलर ताठ! काकांनी मात्र एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं.

"अगं, हा गातोय!"

"मग बेसूर हवा होता का?"

"ह्याला स्वतःचा सूरच नको. सगळे आपापले सूर वाजवणार आणि हा मध्येच आपलं घोडं पुढे दामटणार. मला नुसता गडगडाट हवा. हा नाही नेत मी."

माझं तोंड एवढंसं झालं. बाबांकडे पाहिलं, तर ते छत बघताहेत. असा राग आला! पण त्या रागातच डोकं चाललं. दोन्ही कातडी एकच सूर लावणार, तर दुसरं काय होणार?

"काका, पाच मिनिटं थांबा."

मोबाइल खिशात टाकला. मागच्या कातड्याचे बोल्ट थोडे थोडे सैल केले, कान लावून ऐकलं, पुन्हा सैल केले.

काकांनी जोरात काठी हाणली. तावदानं थरथरली आणि सूर म्हणाल तर शोधून सापडेना.

"गाडीत चढवा!" काका खूश होऊन म्हणाले.

गाडी गेल्यावर मी खरं ते बोलून टाकलं, "बाबा, पहिल्या फटक्याला नापास झाला. मी हरले."

बाबांनी कारखान्याची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"अट दिवसाची होती," ते म्हणाले, "आत्ता कुठे अकरा वाजलेत."