वाटीचा आवाज

अलकाच्या तोंडात वरणभाताचा घास होता, आणि भय्यासाहेबांनी फोन आणून ताटाशेजारी ठेवला तो स्पीकर सुरू करूनच.

"शर्वरीचा आहे," एवढंच म्हणून ते फाटकाकडे पळाले. बाहेर सिलिंडरवाला हॉर्नवर हॉर्न वाजवत होता, आणि तो उज्जैनच्या माधव नगरात कुणासाठी दोन मिनिटांच्या वर थांबत नसे. बायकोचं जेवताना मौन असतं हे त्या घाईत ते साफ विसरले.

अलकानं घड्याळाकडे पाहिलं. साडेबारा. शर्वरीचा फोन यायचा रविवारी सकाळी नऊला. शुक्रवारी भरदुपारी कधीच नाही.

"आई, जेवतेयस का?" शर्वरीचा आवाज अगदी हळू होता, कुणी ऐकू नये असा. "ऐक ना. मी थोडे दिवस तिकडे येऊ? आत्ता काही विचारू नकोस. का, कशासाठी, मग समजावणं, तसलं काही नको. तू नुसतं ये म्हण."

अलकाचा घास तोंडातच राहिला.

आज नेमाचा पंचेचाळिसावा दिवस. आषाढी एकादशीला अहल्याकाकूंनी तिला हा नेम दिला होता. काकू दोन घरं पलीकडे राहायच्या, वय ब्याऐंशी, आणि चातुर्मास आला की अर्ध्या गल्लीला नेम वाटायच्या. ज्याला जे जड, ते त्याला. अलकाला त्यांनी मौनभोजन दिलं. "जेवताना बोलायचं नाही. हुंकारसुद्धा नाही. बोललीस तर ताटावरून उठायचं, मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अन्न नाही. आणि कुणाला सांगत सुटायचं नाही. सांगितलेला नेम अर्धा होतो."

अलकाला हे जड जाणार हे सगळ्या जगाला ठाऊक होतं. तीस वर्षं तिनं कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. 'कृपया शांती बनाए रखें' ही पाटी तिच्या डोक्यावर टांगलेली, आणि त्या खोलीत सर्वांत जास्त बोलणारी तीच. पण महिनाभरात तिचं तिलाच नवल वाटायला लागलं. जेवणानंतरची छातीतली जळजळ गेली. आमटीत मीठ किती, चिंच किती, हे जिभेला कळायला लागलं. अठ्ठावीस वर्षं जेवणावर होणारी भांडणं आपोआप बंद पडली, कारण भांडायला समोर कुणी उरलंच नाही. भय्यासाहेब दोन दिवस एकट्यानंच बोलले, मग तेही गप्प झाले, आणि हल्ली जेवून उठताना आपली वाटी मोरीपर्यंत नेऊन ठेवू लागले. एवढीशी सवय, पण घर कसं निवांत झालं होतं. एक दिवस खंड पडला नव्हता. रोज रात्री कॅलेंडरवर ती एक टिंब देई आणि टिंबांची ती रांग दोनदा पाहून झोपे.

ती रांग आत्ता तिच्या डोळ्यांपुढे आली. नसती आली तर बरं झालं असतं.

"आई?"

दोनच घास उरलेत, पटकन संपवावे आणि बोलावं, असं तिनं मनाशी म्हटलं. आणि मी आहे, ऐकतेय, हे लेकीला कळावं म्हणून तिनं चमच्यानं वाटीवर टण्‌ टण्‌ असं दोनदा वाजवलं.

"बरं," शर्वरी म्हणाली. "कळलं."

फोन बंद झाला.

घास गिळून, चूळ भरून, ओल्या हातानंच तिनं फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. दुसऱ्यांदा कापला. तिसऱ्यांदा बंद होता.

"बॅटरी गेली असेल," भय्यासाहेब सिलिंडर गरगर फिरवत आत आणताना म्हणाले. "तू फालतू टेन्शन घेतेस. तिच्या सासूबाईंना लाव ना."

"विहीणबाईंना लावून काय विचारू? तुमची सून माहेरी का यायचं म्हणते, असं?"

"माहेरी यायचं म्हणाली?" त्यांनी सिलिंडर उभा केला आणि त्यावरच हात ठेवून थांबले. "मग तू काय म्हणालीस?"

अलका काही बोलली नाही. या वेळी मौन नव्हतं तरीही.

ती घरभर फिरायला लागली. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या, पुन्हा उलगडल्या, पुन्हा घातल्या. देवापाशी जिवतीचा कागद लावलेला होता. श्रावणातला शेवटचा शुक्रवार. आजूबाजूच्या हिंदीभाषक घरांत भादों, म्हणजे त्यांचा भाद्रपद, लागून आठ-दहा दिवस झाले होते, पण आपल्या पंचांगात श्रावण अजून शिल्लक होता. सकाळी तिनं पुरण घातलं, दिवा लावला, आणि लेक जवळ नाही म्हणून तिच्या सासरच्या, देवासच्या दिशेनं अक्षता टाकल्या होत्या. त्या खिडकीच्या चौकटीत पडलेल्या दिसत होत्या. मुंग्या येत होत्या त्यांच्यावर.

दिवाळीची गोष्ट मनातून जाईना. लग्नानंतरची शर्वरीची दुसरी दिवाळी. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून पोर म्हणाली होती, "आई, ओंकार माझ्याशी आठ-आठ दिवस बोलत नाही. काय चुकलं तेही सांगत नाही." आणि चकल्या तळता तळता अलका तासभर बोलली होती. पुरुषांचे स्वभाव असेच असतात, आपणच आधी बोलावं, थोडं सोसलं की संसार वळणावर येतो, तुझे बाबा तरी काय कमी होते. शर्वरीनं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "चकली जळतेय, आई." त्यानंतर रविवारच्या फोनवर हवापाण्याखेरीज विषय निघाला नाही. काकूंकडे नेम मागायला अलका गेली होती ती त्यामुळेच. जीभ आवरायची होती तिला.

तीन वाजता ती काकूंच्या दारात उभी होती. काकू पोथी मिटून फुलवाती वळत बसल्या होत्या. अलकानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

काकूंचे हात थांबले नाहीत. "मी तुला बोलणं आवरायला सांगितलं होतं. पोरीला उत्तर देऊ नकोस, असं कधी सांगितलं?"

"पंचेचाळीस दिवस झाले होते, काकू."

"मग? ताट सुटलं असतं. एक रात्र उपाशी राहिली असतीस. शनिवारी पुन्हा पहिल्यापासून धरला असतास." त्यांनी वात तबकात ठेवली. "देव काय टिंबं मोजतोय तुझी?"

अलकाला टिंबांचं काकूंना कसं कळलं, हे कळेना. मग आठवलं, आपणच सांगितलं होतं. कौतुकानं.

"आता इथं उभी राहून काय करतेस? जिवतीचा शुक्रवार आहे. आई औक्षण करायला आली म्हटल्यावर कोण काय बोलेल?"

चारच्या सुमाराला ती देवास गेटच्या स्टँडवरून देवासच्या बसमध्ये बसली. भैरवगढच्या छापील कापडाच्या पिशवीत निरांजन, अक्षता, हळदकुंकू, आणि सहा पुरणपोळ्यांचा स्टीलचा डबा. भय्यासाहेब म्हणत होते मी पण येतो; ती म्हणाली, "दोघं गेलो तर भांडायला आलो असं वाटेल."

"माताजी, थोडा खिसको," कंडक्टर म्हणाला. ती सरकली. मग पुन्हा सरकली. मग पिशवी मांडीवरून पायाशी ठेवली, पायापासून मांडीवर. शेजारची बाई म्हणाली, "पहली बार जा रही हो क्या?" अलकानं नुसतं हसून दाखवलं. बाहेर सोयाबीनची हिरवी शेतं सरत होती आणि तिला बस ढकलत न्यावी असं होत होतं. तासाभराचा रस्ता. तासाभराच्या अंतरावर मुलगी राहते, आणि दिवाळीपासून ती एकदाही तिच्या घरी गेली नव्हती.

दार मीनाताईंनी उघडलं. शर्वरीच्या सासूबाई, तोंडानं गोड, डोळ्यांनी हिशोबी. "अगबाई, अलकाताई. अचानक?"

"जिवतीचा शुक्रवार. म्हटलं, या वर्षी अक्षता लांबून नको टाकायला."

"छान केलंत. शर्वरी, आई आलीय बघ."

शर्वरी आतून आली. वाळली होती. तिनं वाकून नमस्कार केला, पण वर पाहिलं नाही. पाटावर बसली, औक्षण करून घेतलं. निरांजन ओवाळताना अलका हळूच म्हणाली, "दुपारी मी..." तोच मीनाताई सुपारी घेऊन शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यानंतर त्या हलल्याच नाहीत. अलका स्वयंपाकघरात गेली तर त्याही आल्या, अंगणात गेली तर त्याही. शर्वरी खाली मान घालून पोळ्या लाटत राहिली.

"शुक्रवारची सवाष्ण घरी आलीय, जेवल्याशिवाय सोडणार नाही," मीनाताई म्हणाल्या. सातला ओंकार कामावरून आला. नीटस, सभ्य मुलगा. अलकाला वाकून नमस्कार केला, प्रवासाची चौकशी केली, बाबा कसे आहेत विचारलं.

ताटं वाढली गेली. बसण्याआधी अलका म्हणाली, "मीनाताई, रागावू नका, मी जेवताना बोलत नाही. चातुर्मासाचा नेम आहे. आषाढीपासून."

शर्वरी भात वाढत होती. तिचा हात तसाच राहिला. मग तिनं संध्याकाळभरात पहिल्यांदा आईकडे पाहिलं.

"हो का? बाई, फार चांगलं," मीनाताई म्हणाल्या. "नाहीतर आजकालच्या मुलींना नेम म्हणजे काय ते माहीत नाही. आमच्याकडे बघा ना, नोकरीचा अर्ज करून मोकळी. शाळेत शिकवणार म्हणे. ओंकारला विचारलं नाही, मला नाही."

अलकानं पहिला घास घेतला.

"आई," ओंकार म्हणाला, "तिला सांग, पाणी दे."

शर्वरी त्याच्यापासून दोन हातांवर तांब्या घेऊन उभी होती.

"शर्वरी, पाणी दे त्याला," मीनाताई म्हणाल्या, अगदी सहज, रोजचं असल्यासारखं.

शर्वरीनं पाणी दिलं.

"तिला म्हणावं, भाजीत मीठ कमी आहे."

"मीठ दे गं."

शर्वरीनं मीठ दिलं. तिचा चेहरा हलला नाही. त्या न हलण्यावरून अलकाला कळलं की हे आजचं नाही. ओंकार पुढं जेवत होता, अगदी शांतपणे. त्याला आमटी आवडली होती. आपल्या घरातलंही जेवण हल्ली असंच शांत असतं, हे अलकाच्या मनात आलं. शांत नव्हे हे. हे दुसरंच काहीतरी होतं.

तिनं घास गिळला. पाण्याचा घोट घेतला.

"किती दिवस झाले?" ती म्हणाली.

तिघंही थबकले. मीनाताईंना वाटलं भास झाला.

"शर्वरी, तुला विचारतेय. किती दिवस झाले हा बोलत नाही त्याला?"

"एकोणीस," शर्वरी म्हणाली. आवाज कापत नव्हता.

"बॅग भर. घरी चल."

"अहो अलकाताई, नवराबायकोत होतं थोडंफार," मीनाताई म्हणाल्या. "तुम्ही मोठ्या, तुम्ही समजावायचं सोडून..."

"समजावून झालं माझं दिवाळीत. तेवढं पुरे." ती ताटावरून उठली. जेमतेम चार घास झाले होते. "ओंकार, तुम्हाला काही म्हणायचं असेल तर तिला म्हणा. तिचा नंबर आहे तुमच्याकडे."

ओंकार आईकडे पाहत राहिला. शर्वरी आत गेली होती.

"ताट तरी पुरं करा. शुक्रवारी अन्नाचा अपमान करू नये," मीनाताई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज खरोखरच दुखावलेला होता.

"अपमान नाही हो. बोललं की उठायचं, असाच नेम आहे माझा. ताट गाईला घाला." तिनं हात धुतले आणि ओल्या हातांनी नमस्कार केला. "आमटी चांगली झालीय. शर्वरीनंच केली असणार."

परतीच्या बसमध्ये गर्दी नव्हती. बॅग पायाशी, पिशवी दोघींच्या मध्ये. अलकाच्या मनात उद्याची सगळी माणसं रांगेनं उभी होती. भय्यासाहेब, गल्ली, दोन्हीकडचे नातेवाईक, मधल्या माणसांचे फोन. आपण बरोबर केलं का, हेही नक्की ठाऊक नव्हतं. ती पिशवीचे बंद सोडत होती, बांधत होती.

"मला वाटलं, तू जेवत राहिलीस," शर्वरी म्हणाली. "वाटीचा आवाज येत होता."

"वाजवली होती गं. तुला कळावं म्हणून."

शर्वरी खिडकीबाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, "बोलायचं ना, आई."

"हो."

एवढंच ती म्हणाली. समजावण्यासारखं पुष्कळ जिभेवर आलं होतं, ते तिनं तिथंच राहू दिलं.

"तू काही खाल्लंयस का दुपारपासून?" थोड्या वेळानं तिनं विचारलं.

शर्वरीनं नाही अशी मान हलवली. अलकानं डबा काढून तिच्या मांडीवर ठेवला. शर्वरीनं पोळी मोडली आणि अर्धी आईपुढं धरली.

"मला आता उद्या सकाळी. तू खा."

शर्वरीनं थोडा वेळ हात तसाच धरला, मग घेतला परत. ती खाऊ लागली, सावकाश, खूप दिवसांनी घास लागत असल्यासारखी. तुपाचा वास बसभर पसरला. अलकाच्या पोटात भूक फिरली. तिनं खिडकीकडे तोंड केलं. उज्जैनचे दिवे अजून लांब होते.

"शर्वरी," थोड्या वेळानं तिनं तिकडेच पाहत विचारलं, "आहेस ना?"

शर्वरीच्या तोंडात घास होता. तिनं नखानं डब्याच्या झाकणावर दोनदा वाजवलं.