हिंगाच्या डबीतला चौथीचा चंद्र

हिंगाची डबी कधीच संपत नाही, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. त्याआधी कळायचं कारण नव्हतं. पण जुन्या वेबकॅमचं भिंग काढून तो दुर्बिणीला जोडायचा, तर मध्ये बरोबर सव्वा इंच जाडीची नळी लागते. कुंकवाचा करंडा सैल झाला. चुन्याची डबी आत जाईना. खोकल्याच्या औषधाचं टोपण आत गेलं, ते चिमट्यानं काढावं लागलं. हिंगाची डबी मात्र पहिल्या फटक्यात अशी बसली, की मी हळूच बाहेर काढून पुन्हा एकदा बसवून पाहिली. तेव्हापासून मी ती रिकामी व्हायची वाट पाहत होतो. आमटीत रोज चिमूट पडायची, आणि हिंग आपला तेवढाच.

घाई होती ती सत्यजीतमुळे. सत्यजीत माझा साडू. पुण्याला असतो. त्याची दुर्बीण चंद्रामागे आपली आपण फिरते, आणि दर पौर्णिमेला तो ‘सासरवाडी’ ग्रुपवर फोटो टाकतो, खाली विवरांची नावं. माझ्या बायकोसकट बावीस जण त्याला हात जोडतात. मार्चमध्ये मी त्याच ग्रुपवर लिहून बसलो, की गणपतीपर्यंत माझाही एक फोटो येईल, जुन्या वेबकॅमनं काढलेला. सत्यजीतनं नुसता अंगठा टाकला. तो अंगठा मला सहा महिने दिसत होता. चंद्र दिसत नव्हता. मेपर्यंत शेजारच्या उलव्याच्या बांधकामांची धूळ, जूनपासून ढग.

गणपती आले. सत्यजीतही सहकुटुंब आला.

“काय कृष्णकांतराव, चंद्र काय म्हणतोय?”

“ढगात आहे.”

“आमच्याकडेही ढगच होते. मी फटीतून घेतला.”

आणि संध्याकाळच्या आरतीनंतर पनवेलचं पश्चिमेचं आभाळ लख्ख उघडलं. सहा महिन्यांत चंद्र दिसावा असा एकच दिवस आला, आणि तो नेमका चंद्र पाहायचा नसतो तो. चौथीचा चंद्र पाहिला की चोरीचा खोटा आळ येतो. खुद्द कृष्णावर मण्याच्या चोरीचा आला, तिथे कृष्णकांताची काय कथा. सासूबाईंनी, म्हणजे वसुंधराबाईंनी, दुपारीच पश्चिमेच्या खिडक्यांचे पडदे ओढून घेतले होते.

मी स्वयंपाकघरात गेलो, हिंग एका कागदात ओतला, पुडी खिशात घातली आणि डबी, दुर्बीण, वेबकॅम, लॅपटॉप असं सगळं घेऊन गच्चीवर गेलो.

वर आनंदा होता. हा जवळच्या गव्हाण गावचा, आमच्या लिफ्टचा मेकॅनिक. पाहुणे येणार म्हटल्यावर लिफ्ट रिवाजाप्रमाणे बंद पडली होती.

“आनंदा, मला चंद्राकडे बघता येत नाही. न बघता दुर्बीण कशी लावू?”

“आमी बगतो की.”

“खोटा आळ येईल.”

“आमच्यावर खरा कवा आला, सायेब? लिफ्ट थांबली, आनंदा. लाईट गेली, आनंदा. अजून एक आला तर काय मोठा.”

तो दुर्बीण फिरवू लागला. मी चंद्राकडे पाठ करून लॅपटॉपकडे तोंड केलं. पडद्यावर पाहिलेला चंद्र मोजला जात नाही, असं मी शास्त्र न वाचता ठरवून टाकलं होतं.

आधी काळोख. मग क्रेनचं टोक. मग ताकासारखं काहीतरी पांढरं. मी फोकस सूतभर फिरवला आणि त्या ताकातून डोंगर वर आले. खड्डे, खड्ड्यांत खड्डे, कडांच्या लांब सावल्या. सगळा चंद्र पडद्यात मावतच नव्हता, एक काप तेवढा मावत होता, आणि तोही हळूहळू सरकत निघाला होता. आनंदा त्याला पुन्हा पुन्हा हाकत आणत होता. मी त्या वेळी नाचलो असं आनंदा सांगतो. मला एवढंच आठवतं, की लॅपटॉप खाली ठेवायचं सुचलं नव्हतं.

हजारभर चित्रांतलं एक निवडून मी खाली आलो, तर घरात खटला उभा.

“सत्यजीतराव, हिंगाची डबी तुम्हीच नेलीत,” सासूबाई म्हणत होत्या.

“मी हिंग कशाला नेऊ, आई?”

“पोटफुगीला. गेल्या वर्षीही नेला होतात.”

“हा खोटा आळ आहे.”

सासूबाईंनी बोट वर केलं.

“खोटा,” सासूबाई म्हणाल्या. “म्हणजे चंद्र पाहिलात.”

सत्यजीतची मान खाली गेली. “बाल्कनीतून. मोबाईलवर. नुसता ठिपका आला.”

आता माझी पंचाईत. फोटो दाखवावा तर डबी बाहेर येणार. गप्प बसावं तर साडू सासरवाडीत जन्मभर हिंगचोर. या दुसऱ्या शक्यतेवर मी अर्धा मिनिट मनापासून विचार केला. मग तो अंगठा आठवला आणि फोटो ग्रुपवर टाकला.

सगळ्यांचे फोन वाजले. “कुणी बघू नका,” असं सासूबाई म्हणाल्या, पण तोवर सगळ्यांचं बघून झालं होतं. त्यांचंही.

“अहो, तुमच्या खिशाला हिंगाचा वास येतोय,” माझी बायको अरुंधती म्हणाली.

“अगं, मी आज चंद्र पाहिलाय. माझ्यावर येणारा कुठलाही आळ आज शास्त्रानं खोटा.”

“पुडी काढा.”

मी पुडी काढली. मागोमाग वेबकॅमसकट डबी. सासूबाईंनी सत्यजीतपुढे मोदकांचं ताट सरकवलं. त्यांची माफी मागायची पद्धत तीच.

पण सत्यजीतचं ताटाकडे लक्ष नव्हतं. तो फोटो मोठा करून पाहत होता.

“कृष्णकांतराव, हे विवर कुठलं?”

“नाव आता आठवत नाही.”

“मला सगळी पाठ आहेत. हे नकाशातच नाही.”

नवं विवर, पनवेलमधून, वेबकॅमनं. अरुंधतीनं चष्मा लावला, फोटो पाहिला, मग डबीत डोकावली.

“हिंग आहे तो,” ती म्हणाली.

वेबकॅमच्या आतल्या काचेला एक खडा चिकटलेला होता.

सहा महिने पाण्यात गेले, असं मला वाटलं. सत्यजीत खाली मान घालून फोनवर काहीतरी लिहीत होता, बराच वेळ. मग पुन्हा सगळ्यांचे फोन वाजले. माझ्या फोटोखाली त्यानं विवरांची आठ नावं क्रमानं लिहिली होती. नववं: हिंग. त्याखाली जोडलेले दोन हात.

मी ते अरुंधतीला दाखवायला वळलो. ती तो खडा सुरीच्या टोकानं अलगद सोडवत होती.

“टाकू नको गं,” मी म्हणालो.

“टाकतेय कशाला,” असं म्हणून तिनं तो फोडणीत सोडला.

नकाशात नसलेलं ते विवर आम्ही चौदा जणांनी आमटीत खाल्लं. सत्यजीतनं दोनदा मागून घेतली.